‘पहिल्यापासून असाच’ म्हणण्याआधी: मुलाच्या स्वभावाची वही कशी ठेवावी आणि कशी वाचावी

लग्नकार्यात नातेवाईक जमले की मुलांबद्दल साधारण दोनच निकाल कानावर पडतात. ‘हा पहिल्यापासून असाच हट्टी’ हा एक आणि ‘लहानपणी किती गुणी होती, आता बघा’ हा दुसरा. दोन्ही अगदी खात्रीने दिले जातात आणि दोन्हींचा पुरावा एकच असतो, आठवण. मूल समोर उभं राहून ते ऐकत असतं. पुढच्या वेळी तेच वाक्य स्वतःबद्दल तेही म्हणू लागतं.

आठवण या कामाला पुरत नाही. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात डॅनियल ऑफर या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात १४ वर्षांच्या मुलांना घर, आईवडील, शिस्त, मैत्री यांबद्दल प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवली होती. ती मुलं ४८ वर्षांची झाल्यावर त्यांना विचारलं, ‘तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?’ आताची उत्तरं जुन्या उत्तरांशी जुळण्याचं प्रमाण निव्वळ योगायोगाने जुळावीत त्याहून फारसं जास्त निघालं नाही. स्वतःच्या लहानपणाबद्दल माणसाचं हे होतं, तर तीन मुलं आणि अकरा भाचरं सांभाळलेल्या आजीला कोण कधी रुसायचं हे नेमकं आठवावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

आपल्या घरांत दोन समजुती एकत्र नांदतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही एक. मूल म्हणजे ओला मातीचा गोळा, वळण लावाल तसं वळेल, ही दुसरी. गेली साठ-सत्तर वर्षं जगात ठिकठिकाणी हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला आहे आणि त्यातून दिसतं ते असं की दोन्ही समजुतींत तथ्य आहे. मात्र तुमच्या मुलाच्या कोणत्या गोष्टीला कोणती लागू पडते, हे घरी लिहिलेल्या तारीखवार नोंदींशिवाय कळत नाही. ती नोंद कशी करायची आणि नंतर कशी वाचायची, ते इथे सांगतो.

वही कोणती, कधी लिहायची

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाईल दर तीन-चार वर्षांनी बदलतो आणि त्यातल्या नोंदी हरवतात, म्हणून कागदच बरा. वही उघडल्यावर डावं पान मुलासाठी आणि उजवं पान मुलाच्या भोवतालासाठी, ही विभागणी पहिल्या दिवसापासून पाळा. पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावर उभं आहे.

रोज लिहायचं नाही. रोज लिहायला घेतलेली वही तीन आठवड्यांत कपाटात जाते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तीन महिन्यांतून एकदा आणि त्यानंतर वर्षातून दोनदा पुरतं: वाढदिवसाच्या महिन्यातला एक आठवडा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी एक आठवडा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा जो प्रसिद्ध अभ्यास आजही चालू आहे, त्यात मुलांना तीन वर्षांपासून पंधराव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी बोलावलं जायचं. नियमित अंतर असेल तर मोजक्या नोंदीही खूप काही सांगतात.

मात्र आठवडा निवडताना परीक्षा, आजारपण, गणपती, दिवाळी, पाहुण्यांची वर्दळ हे दिवस टाळा. त्या दिवसांत मूल कसं वागतं याने त्या दिवसांचीच कल्पना येते.

विशेषण नको, प्रसंग लिहा

चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा विल्यम डिसेंबर १८३९ मध्ये जन्मला. डार्विनने त्याच्याबद्दल दिवस मोजून टिपणं केली होती. बाळ पहिल्यांदा खरंखुरं हसलं तो ४५वा दिवस, असं त्यात आहे. ही टिपणं १८७७ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, त्याने छापली आणि तरीही ती उपयोगी ठरली. कारण त्यात ‘बाळ आनंदी आहे’ असं मोघम लिहिलेलं नव्हतं.

‘चिडका झालाय’ ही नोंद कामाची नाही. दोन वर्षांनी ‘अजून चिडका आहे’ असं लिहाल आणि काय बदललं ते कधीच कळणार नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘१२ जून, संध्याकाळ. ताईबरोबर कॅरम, हरला. सोंगट्या विस्कटल्या, आत जाऊन दार लावलं. दहा मिनिटांनी स्वतःहून बाहेर आला, पुन्हा खेळूया म्हणाला.’ यात तीन गोष्टी आल्या. भडका किती पटकन उडाला, किती मोठा होता आणि सावरायला किती वेळ लागला. मला या तिन्हींत शेवटची सगळ्यात मोलाची वाटते. भडका उडण्याचा वेग वर्षानुवर्षं तसाच राहिला तरी सावरण्याचा वेळ कमी होत जातो. घरच्यांना भडका दिसतो, ऐकू येतो, म्हणून ‘काही फरक नाही’ असं वाटतं. सावरणं बंद दाराआड होतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही.

कशाकशाची नोंद करायची? १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि स्वभावाची नऊ अंगं मांडली: हालचालीचं प्रमाण, भूक-झोपेची नियमितता, नव्या गोष्टीकडे झेपावणं किंवा मागे सरणं, जुळवून घेण्याची क्षमता, प्रतिक्रियेची तीव्रता, किती हलक्या गोष्टीने प्रतिक्रिया येते, एकंदर मनःस्थिती, लक्ष विचलित होणं आणि चिकाटी. घरी नऊच्या नऊ सांभाळणं जड जातं. त्यापेक्षा पाच-सहा प्रसंग ठरवा आणि दर वेळी तेच बघा:

- अनोळखी माणूस घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटं
- रंगात आलेला खेळ किंवा मोबाईल थांबवायला सांगितल्यावर
- खेळात हरल्यावर
- न जमणारं काम करताना, मग ते शर्टाची बटणं लावणं असो की भागाकार
- हव्या असलेल्या गोष्टीसाठी थांबावं लागल्यावर
- दुसरं मूल रडत असताना

वय वाढेल तसा प्रसंगाचा तपशील बदलेल, पण प्रकार बदलू नका. तिसऱ्या वर्षी हरणं म्हणजे लपाछपीत सापडणं, तेराव्या वर्षी क्रिकेटच्या टीममध्ये निवड न होणं.

उजव्या पानावर काय

हे पान बहुतेकांना कंटाळवाणं वाटतं आणि ते रिकामं राहतं. तसं होऊ देऊ नका, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं.

घरात कोण कोण राहतं, मुलाबरोबर दिवसातला सर्वात जास्त वेळ कोण असतं, शाळा व वर्ग कोणता, वर्गशिक्षक बदलले का, घर बदललं का, भावंड आलं का, आजी-आजोबा आले की गेले, आई किंवा बाबांच्या नोकरीत उलथापालथ झाली का, घरात भांडणं किंवा दारू वाढली का. हे शेवटचं लिहायला हात धजत नाही. तरीही लिहा, एका शब्दात खूण करा हवं तर.

मुलाचं शरीरही उजव्याच पानावर. वजन, उंची, हिमोग्लोबिन तपासलं असेल तर आकडा, कान फुटणं, चष्मा, झोप किती तास. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाने गर्भवती स्त्रिया आणि पुढे त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला आहे. गरोदरपणात ज्या आयांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणून दाखवण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. ज्याला आपण ‘लक्षच नाही हो अभ्यासात’ म्हणून स्वभावाच्या खात्यात टाकतो, त्याची मुळं कधी आहारात असतात, कधी कानात, कधी डोळ्यांत. म्हणून ‘ऐकत नाही’ असं डाव्या पानावर दोनदा लागोपाठ आलं तर आधी कान तपासून घ्या.

शाळेतलं चित्र मिळवण्यासाठी शिक्षकांना ‘कसा आहे हो?’ असं विचारू नका. उत्तर ‘चांगला आहे, थोडा चंचल आहे’ असंच येणार. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदीही बऱ्याचदा ठरावीक वाक्यांत असतात, कारण चाळीस मुलांच्या नोंदी एका आठवड्यात लिहायच्या असतात. त्याऐवजी विचारा: ‘बाई, वर्गातल्या बाकी मुलांच्या मानाने ही मध्येच उठण्यात कमी, साधारण की जास्त? आणि मैत्रिणींशी भांडण झालं तर?’ शिक्षकांसमोर एका वयाची तीस-चाळीस मुलं असतात. तुलनेसाठी एवढी मुलं तुमच्या घरात कधीच नसतात.

घरचं आणि शाळेचं चित्र जुळलं नाही तर घाबरू नका, शिक्षकांना खोटं पाडू नका. १९८७ मध्ये थॉमस अकेनबाख आणि सहकाऱ्यांनी अशा शंभराहून अधिक अभ्यासांचा ताळा मांडला. एकाच मुलाबद्दल वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांनी, म्हणजे पालक आणि शिक्षकांसारख्यांनी, दिलेल्या माहितीतला मेळ सरासरी ०.२८ इतकाच निघाला (पूर्ण मेळ म्हणजे १). एकाच भूमिकेतल्या दोघांत, उदाहरणार्थ आई आणि वडिलांत, तो ०.६० च्या आसपास होता. मूल शाळेत वेगळं वागतं, घरी वेगळं, मामाकडे वेगळं. तिन्ही खरी आहेत. तिन्ही लिहा, कुठे पाहिलं ते लिहून.

वाचताना पहिला घोटाळा: कशाशी तुलना करतो आहोत

दोन वर्षांच्या नोंदी जमल्या की वाचायला घ्या. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि त्यामुळे घरात वाद होतात.

तीन वर्षांचा मुलगा आठवड्यातून पाच वेळा जमिनीवर लोळून रडायचा. सहाव्या वर्षी महिन्यातून एखाद्या वेळी रडतो. आई म्हणते खूप बदलला. बाबा म्हणतात काही बदललेला नाही, आळीतली बाकीची मुलं तर एवढंही करत नाहीत. दोघंही बरोबर आहेत. आई मुलाची त्याच्या स्वतःच्या जुन्या रूपाशी तुलना करते आहे. बाबा बरोबरीच्या मुलांत त्याचा क्रमांक बघत आहेत. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात सगळ्याच मुलांचं लोळण घेणं कमी होतं. त्यामुळे मूल स्वतः बरंच बदलूनही रांगेतली त्याची जागा तीच राहू शकते. म्हणून दर नोंदीपुढे कोणती तुलना आहे ते लिहा, ‘स्व’ किंवा ‘बरोबरी’.

आता ही रांग किती टिकते? ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलवेकियो यांनी २००० साली दीडशेहून अधिक पाठपुरावा-अभ्यास एकत्र करून याचं उत्तर दिलं. मेळ १ असेल तर सुमारे सात वर्षांनी रांग जशीच्या तशी, ० असेल तर पूर्ण सरमिसळ. बालपणात तो ०.३१ निघाला, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशी ते सत्तरीत ०.७४. म्हणजे ‘स्वभावाला औषध नाही’ हे आजोबांच्या बाबतीत बरंचसं खरं आहे, नातवाच्या बाबतीत फारच कमी. लहानपणी रांग सतत हलत असते. अगदी शून्यावरही ती नसते, हेही विसरू नये. काही आहे जे टिकतं.

बुद्धीबाबतही हेच. दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या विकास-चाचणीच्या आकड्यावरून दहावीचं भाकीत करू नका. त्या वयातले आकडे पुढच्या बुद्ध्यंकाबद्दल फार थोडं सांगतात. वय वाढलं की आकडा स्थिरावतो. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी त्या वर्षी अकरा वर्षांच्या असलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची एकच चाचणी घेतली गेली. त्यांच्यापैकी काहींनी वयाच्या ७७व्या वर्षी तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा दोन्ही गुणांतला मेळ ०.६३ होता. ६६ वर्षांनंतर हा मेळ थक्क करणारा आहे आणि तरीही बदलाला त्यात भरपूर जागा आहे.

दुसरा घोटाळा: मूळ तेच, रूप वेगळं

पानं उलटताना एखादी गोष्ट पूर्ण नाहीशी झालेली दिसेल. खूश होण्याआधी थांबा. ती वेष बदलून दुसऱ्या ओळीत आलेली असू शकते.

हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, वास दिले. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडू लागली, रडू लागली. सुमारे ४० टक्के शांत पडून राहिली. पहिल्या गटातली मुलं दुसऱ्या वर्षी नव्या गोष्टींपुढे बिचकण्याची शक्यता जास्त होती. आता आपल्या घरात हे कसं दिसतं बघा. चार महिन्यांची असताना कुकरच्या शिटीने दचकून रडणारी मुलगी दोन वर्षांची झाल्यावर पाहुणे आले की आईच्या ओढणीत तोंड लपवते. सातव्या वर्षी ती रडत नाही, लपतही नाही, फक्त बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं येत असलेलं उत्तर देत नाही. तेराव्या वर्षी म्हणते, ‘मी नाही येत लग्नाला, माझा अभ्यास आहे.’ रडणं, लपणं, गप्प राहणं, अभ्यासाचं कारण सांगणं ही चार वागणी वेगळी आहेत. आईला वाटतं, आता शिष्ट झाली. वहीत मात्र एकच ओळ चालत आलेली दिसते: नव्याशी जुळवून घ्यायला तिला वेळ लागतो.

हे ओळखण्याची एक रीत आहे. दर वर्षीच्या नोंदीला विचारा, ‘हे वागून मूल काय टाळतंय किंवा काय मिळवतंय?’ चार वर्षं तेच उत्तर येत असेल तर रूप बदललं आहे, मूळ तेच आहे.

याची दुसरी बाजू केगननेच दाखवली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बिचकणाऱ्या बाळांपैकी बहुतेक मुलं वाढता वाढता मधल्या पट्ट्यात येऊन पोचली. अगदी दुसऱ्या टोकाला, बिनधास्त आणि सगळ्यांत पुढे, असं होणारी मुलं फार थोडी. जन्मजात कल एका टोकाला जाणं अवघड करतो, पण आयुष्य कसं जाईल ते तो ठरवत नाही. बुजऱ्या मुलाला सूत्रसंचालक करण्याचा अट्टहास सोडा. त्याला चार माणसांत आपलं म्हणणं मांडता यावं, ही अपेक्षा अगदी रास्त आहे.

डावं आणि उजवं पान एकत्र वाचणं

वर्षातून एकदा आई-बाबा दोघांनी वेगवेगळं बसून वही वाचा, मग बोला. आधी बोललात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत वहीचं मत होतं.

डावं पान तेच आणि उजवंही तेच असेल, म्हणजे मूलही बदललं नाही आणि भोवतालही नाही, तर ‘हा स्वभावच’ असं म्हणायची घाई इथेच होते. पण अशा वेळी आपल्याला काहीच कळलेलं नसतं. स्वभाव टिकलाय की परिस्थिती त्याला टिकवून धरते आहे, हे वेगळं करता येत नाही. मारकुटा म्हणून ओळखला गेलेला मुलगा शेवटच्या बाकावर बसवला जातो. तिथे त्याला साथीही तसेच मिळतात, काही मोडलं की पहिलं नाव त्याचं येतं, मग तो चिडतो आणि मारतो. पाच वर्षं तो तसाच राहिला यात त्याचा वाटा किती आणि बाकाचा किती? उजव्या पानावरची एक गोष्ट मुद्दाम बदला. बाक, झोपेची वेळ, संध्याकाळी सोबत असणारं माणूस, शिकवणीचे तास. एका वेळी एकच. मग तीन महिने थांबून डावं पान लिहा.

उजवं पान बदललं आणि डावंही बदललं तर सहा महिने निकाल देऊ नका. आपल्याकडे शाळाच अनेकदा बदलतात. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि मूल दुसऱ्या गावी एसटीने जाऊ लागतं. कुणी आश्रमशाळेत राहायला जातं. कुणाचं माध्यम सेमी-इंग्रजी होतं. बीडसारख्या जिल्ह्यांतली हजारो मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांचं उजवं पान वर्षातून दोनदा आख्खं पालटतं. अशा मुलाबद्दल ‘मागे पडलाय, गप्प झालाय’ असं लिहिणाऱ्या शिक्षकांनी नोंदीचा महिनाही लिहावा आणि नोव्हेंबरची नोंद मागच्या नोव्हेंबरशीच ताडून बघावी.

उजवं पान पूर्ण बदललं, दोनदा-तीनदा बदललं, आणि तरीही डावं पान तेच राहिलं, तर मात्र हा खरा कल असण्याची शक्यता मोठी. त्याच्याशी झगडण्यात वर्षं घालवू नका. थॉमस आणि चेस यांचा सगळ्यात उपयोगी विचार हाच होता. मुलाचा कल आणि घराची अपेक्षा यांचा सांधा जुळतो का ते बघा. त्यांच्या पाहणीत सुमारे १० टक्के मुलं सांभाळायला कठीण होती, पण पुढे अडचणीत येणं केवळ त्या कठीणपणावर ठरलं नाही. घर त्याला कसा प्रतिसाद देतं यावर बरंच काही अवलंबून होतं. एका जागी न बसणाऱ्या मुलीला वीस मिनिटांच्या तीन बैठका द्या, एका तासाची एक नको.

उरली चौथी शक्यता. भोवताल तोच, मूल मात्र अचानक वेगळं. वयात येणं, आजार, किंवा तुम्हाला माहीत नसलेली एखादी गोष्ट. हिच्याकडे लगेच लक्ष द्या. उजवं पान तुम्हाला वाटतं तेवढं स्थिर नसेल. शाळेच्या बसमध्ये, शिकवणीत, फोनवर काहीतरी घडत असेल जे तुम्ही लिहूच शकला नाहीत.

दहा ते सोळा

या वयातल्या बंडखोरीबद्दल ड्युनेडिनच्या अभ्यासातून टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये एक भेद मांडला, तो घरी फार कामाला येतो. खोटं, चोरी, मारामारी हे सारं तीन-चार वर्षांपासून सलग चालत आलेली मुलं थोडी असतात आणि त्यांना मदतीची गरज लवकर व सातत्याने असते. दुसरा गट खूप मोठा. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत ठीक, मग मित्रांबरोबर नियम मोडायला लागणं आणि विशीत बहुतेकांचं ते सुटणं. चौदाव्या वर्षी मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडते तेव्हा दोन्ही गटांतली मुलं सारखीच दिसतात. फरक मागच्या पानांवर असतो. म्हणून त्या रात्री आरडाओरडा करण्याआधी वहीतली सातवं, नववं, अकरावं ही वर्षं वाचा.

दुसऱ्या गटातलं मूल आपोआप ठीक होईल म्हणून सोडून देऊ नका. व्यसन लागणं, शाळा सुटणं, पोलिसांत नाव जाणं यांतलं काही या दोन-तीन वर्षांत झालं तर परतीची वाट फार अवघड होते. पालकांनी या काळात मुख्यतः या गोष्टींपासून त्याला वाचवायचं.

वहीने न भागणाऱ्या गोष्टी

काही बाबतींत सहा महिने वाट बघणं चूक आहे. बाळ वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद देत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचं स्वतःचं वाक्य नाही, किंवा कोणत्याही वयात येत असलेलं बोलणं, खेळणं, ओळखणं निघून गेलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जा. ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले’ हे नातेवाईकांचं वाक्य पुन्हा आठवणीवरच उभं असतं. अंगणवाडी आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांना वही दाखवा. त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या लवकर हस्तक्षेप केंद्रात पुढची तपासणी मोफत होते.

मोठ्या मुलांत: दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-जेवणात मोठा बदल, शाळेचं नाव काढलं की पोटदुखी, स्वतःला इजा करणं, मरणाबद्दल बोलणं. मरणाबद्दलचं बोलणं ‘लक्ष वेधायला’ म्हणून सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका असेल तर १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करा.

फार वाईट सुरुवात झालेल्या मुलांचं काय, असा प्रश्न दत्तक घेणारे पालक नेहमी विचारतात. रुमेनियात १९८९ च्या अखेरीस हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांतल्या हालाखीतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा मायकल रटर यांनी मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर आलेली मुलं पुढे बहुतांशी इतर मुलांसारखीच झाली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांपैकी अनेकांत लक्ष आणि नातेसंबंधांच्या अडचणी टिकल्या, पण त्यांच्यातही काहींना कोणतीही मोठी अडचण नव्हती. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांमागे एमी वर्नर तीन-चार दशकं होत्या. गरिबी, आजारी आईवडील, भांडणं अशा अनेक अडचणी एकत्र असलेल्या मुलांपैकी एक-तृतीयांश मुलं समर्थ, माया करणारी माणसं झाली. त्या मुलांच्या उजव्या पानावर जवळजवळ नेहमी एक नाव होतं: आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, असं टिकून राहिलेलं एक तरी माणूस. तुमच्या वहीतही हे नाव दर वर्षी लिहा. ते दर वर्षी बदलत असेल तर तिथे काम करायचं आहे.

वही कुणाची

पाहुण्यांसमोर तिच्यातलं काही वाचून दाखवायचं नाही, गमतीचंही नाही. शिक्षकांना किंवा डॉक्टरांना लागेल तेवढंच पान द्या. घरी चाचण्या घेत बसू नका. चॉकलेट समोर ठेवून मूल किती वेळ थांबतं यावरून भविष्य सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. त्या प्रयोगाची २०१८ मध्ये मोठ्या संख्येच्या मुलांवर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच कमी निघाला आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर आणखी आटला.

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की त्याला वहीबद्दल सांगा आणि एक भाग त्याला लिहू द्या. ‘मी कशात बदललो असं मला वाटतं’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर, वर्षातून एकदा. ते तुमच्या नोंदीशी जुळलं नाही तर खोडू नका.

उशीर झाला असेल तर

मूल नऊ वर्षांचं आहे आणि वही आज घेतली, तरी मागची पानं थोडीफार भरता येतात. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन आणि टप्पे असतात. मोबाईलमधल्या फोटो-व्हिडिओंवर तारखा असतात. वाढदिवसाचे व्हिडिओ विशेष उपयोगी, कारण दर वर्षी तोच प्रसंग, अनोळखी गर्दी, मेणबत्ती, टाळ्या. त्यात मूल कुठे उभं आहे, कुणाला धरून आहे, ते बघा. जुनी प्रगतिपुस्तकं, चित्रकलेच्या वह्या, शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या काढा. आजी, आत्या, बालवाडीच्या ताई यांना एकेकटं विचारा. ‘लहानपणी कसा होता?’ असं न विचारता ‘बालवाडीत पहिल्या दिवशी सोडताना काय झालं होतं?’ असं नेमकं विचारा. दोघींनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. आठवणीतून आलेल्या प्रत्येक नोंदीपुढे ‘आ’ असं अक्षर टाका, म्हणजे पुढे वाचताना ती तारखेच्या नोंदीएवढी पक्की धरली जाणार नाही. मग या आठवड्यातली पहिली खरी नोंद करा, डावं पान आणि उजवं पान, दोन्ही.